चार महिन्यांची राखण

फरहतशी वाद घालायचा असेल तर आधी जेवून घ्यावं, असं आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. सांगणारी बहुतेक मीच असते. मी प्रियदर्शनी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसून सुनेच्या फोडणीत नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून कर्वेनगरातल्या या छोट्या संस्थेत येते. संस्था म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. खाली मालक राहतात, त्यांनी जिन्यात पाटी लावली आहे, 'चपला वाजवू नयेत'. वर आम्ही जंगलांची तब्येत बघतो. मी पायी फिरून बघते, फरहत आकाशातून बघते.

फरहत गंज पेठेतली. घर तीन पिढ्यांचं तिथलंच. वडील हमीदभाई प्लंबर, अर्ध्या पेठेच्या टाक्या आणि मोऱ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मुलीचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि टोमणे माझ्यापेक्षा धारदार, हे दुसरं मी सहसा कुणाला सांगत नाही. इंजिनिअर झाली, मग रडारचं शिक्षण घेतलं. लग्नकार्यात एखादी मावशी विचारते, "एवढं शिकून झाडं मोजतेस?" तर ही म्हणते, "मोजत नाही मावशी, ती जिवंत आहेत का ते विचारते. तुमच्याकडे कुणी एवढं तरी विचारतं का?" मावशी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

तिचं काम सोप्या भाषेत सांगते, कारण मलाही ते तसंच समजलं. पावसाळ्यात आकाशातून सह्याद्रीचा फोटो काढला तर नुसता पिंजलेला कापूस दिसतो. चार महिने ढग हलत नाहीत. रडारला ढगांचं काही पडलेलं नसतं. उपग्रह वरून स्वतःच लहर सोडतो आणि ती आपटून किती जोरात परत येते ते टिपतो. दिवस असो, रात्र असो, धो धो पाऊस असो. लहर लांब असली तर ती पानांतून आत शिरते आणि फांद्या-बुंध्यांवर आपटून येते. जंगल दाट तर परत येणारी लहर जोरदार आणि चित्र उजळ. जंगल विरळ झालं की चित्र काळवंडतं. सर्वसाधारणपणे असं. या 'सर्वसाधारणपणे'नंच पुढचं सगळं रामायण घडवलं.

धायरी मागे टाकून डोंगराच्या अंगाला तासभर गेलं की वाघजाईची वाडी लागते. गावाच्या वर, उतारावरच्या खोलगट जागेत, देवीची राई आहे. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जंगल. तिथली काटकी कुणी उचलत नाही, लोखंड आत नेत नाहीत, चपला बाहेर. हिरडे असे की दोघांनी मिठी मारली तरी हात पोचू नयेत. आणखी एक रीत आहे. आषाढ लागला की राई बंद होते ती थेट दसऱ्याला उघडते. आषाढ ते आश्विन असे ते चार महिने राई देवीची, माणसानं आत जायचं नाही, डोकावायचंही नाही. पुजारीसुद्धा बाहेरच्या दगडावर दिवा लावून परत फिरतो.

गावातले जाणते म्हणजे रावसाहेब. पूर्वीचे पोलीस पाटील, पांढऱ्या मिशा, शब्द मोजके. काही वर्षांपूर्वी राईच्या खालच्या अंगाला प्लॉटिंगवाले घिरट्या घालायला लागले, मोकाट गुरं शिरायला लागली, तेव्हा या माणसानं गाव उभं केलं आणि राईला खालून दगडी भिंत घातली. गवंड्यानं पाणी जायला तळाशी मोऱ्या ठेवल्या होत्या. पण त्यांतून कुत्री आणि डुकरं आत शिरायला लागली. देवीच्या जागेत डुकरं. रावसाहेबांनी स्वतः गुडघ्यावर बसून सगळ्या मोऱ्या सिमेंटनं बुजवल्या. गावानं त्या दिवशी गूळ वाटला होता.

या भिंतीचा आमच्या संस्थेनं अहवाल केला. भिंतीच्या आधीची रडारची चित्रं आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली, तर नंतरची चांगलीच उजळ. आमचा संचालक अभिनव, वय कोवळं आणि उत्साह उतू जाणारा, तो तर खुर्चीतून उठलाच. "मॅडम, बेसिकली, जंगल डेन्स होतंय! भिंतीमुळे!" गणपती झाले की मोठ्या सभागृहात अहवाल मांडायचा, रावसाहेबांचा सत्कार करायचा, आणि हीच भिंत आणखी गावांच्या रायांना बांधून द्यायची, असं ठरलंसुद्धा. मी थंडीत राईत फिरून आले होते. खालच्या अंगाच्या हिरड्यांचे शेंडे वाळताहेत, असं मी लिहून दिलं होतं. अभिनवनं ते शेवटच्या पानावर 'किरकोळ निरीक्षणे' या मथळ्याखाली टाकलं. बत्तीस वर्षं शिकवल्यावर माणूस किरकोळ होतो, हे मला तेव्हा कळलं.

अहवालावर फरहतची सही हवी होती. ती रजेवर होती, सोमवारी आली, चित्रं बघितली आणि म्हणाली, "मी सही करणार नाही. राई वाढत नाहीये. राई बुडतेय."

अभिनवला वाटलं ती थट्टा करतेय. मला माहीत होतं, ती थट्टा करते तेव्हा आवाज असा सपाट नसतो.

तिचं म्हणणं असं. रडारची चित्रं दोन तऱ्हेची असतात. लहर आडवी सोडायची आणि आडवीच टिपायची, हे एक. आडवी सोडायची आणि उभी झालेली टिपायची, हे दुसरं. फांद्यांच्या गुंत्यात शिरलेली लहर वळते, म्हणून जंगल दाट व्हायला लागलं की दुसरं चित्रही उजळतं. इथं पहिलं उजळलं होतं, दुसरं जागचं हललं नव्हतं. अहवालात अर्थातच फक्त पहिलं होतं, कारण ते दिसायला छान होतं. शिवाय ही चमक पावसाळ्यातच येत होती आणि दसऱ्याच्या सुमाराला ओसरत होती.

"झाडं दसऱ्याला अंग चोरतात का?" तिनं विचारलं.

"मग काय आहे ते?" अभिनव म्हणाला.

फरहतनं डब्याचं झाकण टेबलावर आडवं ठेवलं, पाण्याची बाटली त्यावर उभी केली. हमीदभाई गंज पेठेतले कॅरमचे उस्ताद, त्यामुळे हिला जगातली प्रत्येक गोष्ट कॅरमवर समजावता येते. "स्ट्रायकर कोपऱ्याजवळ मारला की एका कडेला आपटतो, लगेच दुसऱ्या कडेला आपटतो आणि सरळ आपल्या हातात परत येतो. येतो ना? झाडाखाली साधी जमीन असेल तर लहर इकडेतिकडे विखुरते. पण झाडाखाली पाणी साचलेलं असेल तर पाणी ही एक कड, बुंधा ही दुसरी. लहर जोरात परत येते. चित्र चमकतं. आत पाणी तुंबलंय. चार-चार महिने. तुमच्या त्या भिंतीमुळे."

मला एकदम हिरड्यांचे शेंडे आठवले. मूळ पाण्यात कुजलं की झाड वरून वाळत येतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे. मी म्हणाले, "अभिनव, माझं किरकोळ निरीक्षण पहिल्या पानावर घे. हे पाणी अजून एक पावसाळा असंच उभं राहिलं तर ते हिरडे जातील. आणि तू ही भिंत दहा गावांत बांधणार आहेस."

अभिनव वाईट मुलगा नाही. घाबरला. म्हणाला, ड्रोन उडवू. फरहत म्हणाली, उडव, वरून गारंबीच्या वेलींचं छत आहे, हिरवंगार दिसेल, तोही फोटो अहवालात लाव. मग तो म्हणाला, कुणीतरी आत जाऊन बघू दे.

हीच तर मेख होती. श्रावण चालू होता. राई बंद. ज्या महिन्यांत पाणी साचतं त्याच महिन्यांत आत जायचं नाही, आणि राई उघडते तोवर पाणी आटून नुसता चिखल उरलेला. पावसाळ्यानंतर चिखल असणारच, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? गाव देवीचा मान राखत होतं म्हणून गावाला काही दिसलंच नव्हतं. जे काय बघितलं होतं ते वरून जाणाऱ्या उपग्रहानं.

फरहतनं रावसाहेबांना फोन केला. मी शेजारी बसले होते, तरी मला ऐकू येत होतं, इतके ते तापले.

"पुन्यात बसून आमच्या राईत पानी हाय म्हनतीस?"

"हो काका."

"आन् ते मी घातलेल्या भिंतीनं?"

"भिंतीनं नाही काका. मोऱ्या बुजवल्यामुळे."

"त्या बी म्याच बुजवल्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं. माझ्या अनुभवात या वयाच्या पुरुषाला स्वतःची चूक दाखवणं आणि मांजराला अंघोळ घालणं यांत फारसा फरक नसतो. पण फरहत गप्प बसणारी नव्हे. आत जायचं नाही, डोकावायचं नाही, लोखंड न्यायचं नाही, हे तिनं एका कागदावर लिहून काढलं आणि घरी जाऊन तो कागद हमीदभाईंपुढे ठेवला. अब्बा, यातलं काहीही न मोडता भिंतीपलीकडे पाणी आहे की नाही ते कसं बघायचं? हमीदभाईंनी चहा संपवला आणि म्हणाले, "लेव्हल पाईप." गवंडी भिंतीची पातळी बघायला जो पारदर्शक, बारीक पाईप वापरतात तो. टाकी रिकामी करायला हमीदभाई आयुष्यभर हेच करत आले होते. पाईपचं एक टोक पाण्यात, दुसरं त्याहून खाली, एकदा धार लागली की पाणी आपोआप भिंत चढून उतरतं.

फरहतनं रावसाहेबांना निरोप धाडला आणि रविवारी आम्ही चौघं वाडीला गेलो. अभिनवची गाडी, मागे हमीदभाई मांडीवर पाईपचं वेटोळं घेऊन. रावसाहेब भिंतीपाशी उभे होते. मागे निम्मं गाव. बायका छत्र्या घेऊन, मुलं छत्र्यांशिवाय. तोंडं बघून लक्षात आलं की स्वागताचा बेत नव्हता. हमीदभाईंनी भिंतीपासून चार पावलं मागे चपला काढल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आत न्हाय जायचं," रावसाहेब म्हणाले.

"नाही जाणार," फरहत म्हणाली. "पाईप प्लास्टिकचा आहे. वजनाला दगड बांधलाय, सुतळीनं. लोखंड नाही."

गर्दीतली एक म्हातारी, मथुराबाई म्हणून, पुढे आली. "तोंडानं वढनार का पानी? देवीचं पानी उष्टं न्हाय करायचं."

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. हमीदभाईंच्या आला होता. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, पाईप आधीच पाण्यानं गच्च भरला आणि टोकावर अंगठा दाबून म्हणाले, "नाही आजी. तोंड लावायचंच नाही. अंगठा सोडला की आत पाणी असलं तर येईल, नसलं तर हे आपल्या तांब्यातलं सांडून गप्प होईल." मथुराबाईंनी मान हलवली. पाणी भरलेला पाईप भिंतीवरून पलीकडे गेला. दगड धपकन कुठेतरी पडला. अंगठा सुटला.

तांब्यातलं पाणी सांडलं. आणि गप्प झालं.

मागून कुणीतरी हसलं. अभिनव बुटांकडे बघायला लागला. रावसाहेबांचे खांदे सैल झाले, ते मला दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फरहतचा मात्र चेहरा हलला नाही. तिनं खिशातून फोन काढला, राईचं रडारचं चित्र मोठं केलं, भिंतीचा कोपरा शोधला आणि त्या चित्रात बघत बघत भिंतीच्या कडेनं चालायला लागली. मागे हमीदभाई, मागे मी, मागे गाव. एका वाकणापाशी ती थांबली. "इथं. सगळ्यात जास्त चमक इथं आहे. मघाशी आपण घाई केली, चित्र न बघता टाकला. अब्बा, इथं टाका."

पाईप पुन्हा भरला. पुन्हा भिंतीवरून गेला. या वेळी पलीकडून धप असा आवाज नाही आला. डुबुक आला.

सगळ्यांनी ऐकला. हमीदभाईंनी अंगठा सोडला.

तांब्यातलं स्वच्छ पाणी आधी आलं. ते संपायच्या वेळेला धार चहासारखी तपकिरी झाली, कुजक्या पानांचा वास सुटला, आणि पाणी येतच राहिलं. रावसाहेबांच्या पायांवर पडत होतं. ते मागे सरकले नाहीत. आम्ही उभे होतो, ते येत होतं. मुलं ओंजळी धरायला लागली तर मथुराबाईंनी त्यांना मागे ओढलं. अभिनव माझ्या कानाशी, "मॅडम, ते बरोबर आहे, ते बरोबर आहे," एवढंच म्हणत होता. मी म्हणाले, "ती बरोबरच असते रे. तू जेवून येत जा."

फरहत हसली नाही. ती रावसाहेबांकडे बघत होती. त्या म्हाताऱ्याचा चेहरा उतरला होता. "म्या बुडवली," ते म्हणाले. "माझ्या हातानं बुडवली राई."

"काका, तुम्ही भिंत घातली नसती तर आज इथं प्लॉट असते," फरहत म्हणाली. "बुडायला राई शिल्लक राहिली ती तुमच्यामुळे. आता फक्त मोऱ्या उघडायच्यात. आणि त्या आजच उघडायला हव्यात."

इथं गावात दोन तट पडले. मोऱ्या उघडायच्या तर पहार लागणार, पहार लोखंडाची, आणि महिने बंदीचे. दसऱ्यापर्यंत थांबू, कुणी म्हणालं. दसऱ्यापर्यंत मुळं थांबणार नाहीत, मी म्हणाले, तर एक जण म्हणाला, "बाई, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी." मी उत्तर देणार होते आणि ते चांगलं उत्तर नव्हतं. फरहतनं माझा हात धरला. "मॅडम, त्यांना ठरवू दे," ती म्हणाली.

रावसाहेबांनी खाली धारेकडे बघितलं. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"राई देवीची हाय," ते म्हणाले. "भिंत देवीची न्हाय, भिंत माझी हाय. शिमिट म्या भरलं. माझ्या भिंतीला मी भायेरून पहार लावतो. पाप लागंल तर मला लागंल."

कुणी विरोध केला नाही. पहार आली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस ज्या जागी गुडघ्यावर बसून सिमेंट भरत होता तिथंच पुन्हा गुडघ्यावर बसला. दुसऱ्या घावाला हमीदभाई शेजारी बसले, तिसऱ्याला अभिनव, त्याचे ते महागडे बूट चिखलात. पहिली मोरी फुटली तशी पाण्यानं रावसाहेबांना मागे ढकललं, ते चक्क बसले चिखलात, आणि पाणी ओढ्याच्या वाटेला लागलं. मग पोरांनी पुढच्या मोरीवर हात घातला. एकेक करत सगळ्या सुटल्या. सगळ्या उतारावर पाण्याचा आवाज झाला. मथुराबाईंनी हात जोडले आणि मग, कसं कुणास ठाऊक, बायका गाणी म्हणायला लागल्या. मी आयुष्यात पुष्कळ जंगलं बघितली. मरता मरता वाचलेलं हे पहिलंच. फार आनंद झाला मला, एवढा की मालकांच्या जिन्यात त्या दिवशी मी चपला वाजवत चढले.

अहवाल नव्यानं लिहिला. फरहतनं दोन्ही चित्रं शेजारी छापली आणि चमक म्हणजे प्रत्येक वेळी आरोग्य नव्हे, हे खुलासेवार मांडलं. सत्कार झालाच. रावसाहेब सभागृहात सरळ म्हणाले, "भिंत घाला, पन मोऱ्यांना जाळी लावा, शिमिट न्हाय." जाळी पितळेची बसवली. बाकीच्या गावांनीही तशीच मागितली.

दसऱ्याला राई उघडली तेव्हा रावसाहेबांनी आम्हाला बोलावलं होतं. हमीदभाईही आले. आम्ही अनवाणी आत गेलो. मी एकेक हिरडा तपासला. दोन गेले होते, त्यांना इलाज नव्हता. बाकीच्यांच्या बुंध्यावर मी नख लावून बघितलं, आतली साल ओली, हिरवी होती. मी रावसाहेबांना तसं सांगितलं तर ते नुसते त्या झाडाला हात लावून उभे राहिले.

पूजा झाली की तिथं पाळ्या पुकारतात. राईची राखण गावात घराघरानं वाटून घेतलेली असते. एकेका महिन्याला एक घर, त्यानं गुरं, कुऱ्हाड, वणवा, सगळ्यावर लक्ष ठेवायचं. रावसाहेब घराचं नाव घेतात, त्या घरातलं माणूस उभं राहून "हाय जी" म्हणतं. कार्तिकाला एक घर, मार्गशीर्षाला दुसरं, असं करत ते ज्येष्ठापर्यंत आले. तिथं दर वर्षी पुकारा संपतो. बंदीच्या चार महिन्यांना राखणदार नसतो. आत जायचंच नाही, तर राखणार कोण? लोक उठायला लागले.

"बसा," रावसाहेब म्हणाले. "आषाढ ते दसरा."

सगळे बसले. मग रावसाहेब ज्या आवाजात बाकीची नावं घेतली त्याच आवाजात म्हणाले, "गंज पेठ. हमीदभाई प्लंबरचं घर."

मी फरहतकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं तिला सुचत नव्हतं. हमीदभाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उठ बेटा, आपल्या घराचं नाव घेतलंय."

फरहत उभी राहिली. ओढणीनं तोंड पुसलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाय जी."